'हिज लास्ट बो' : यात शोध नेमका कुठे आहे?

पागोळी

रहस्यभेद आहे. कथा वाचली नसेल तर आधी वाचा, मग धाग्यावर या. छोटीच आहे.

बाबांना काचबिंदूमुळे आता छापील अक्षर दिसत नाही. रात्री जेवणं उरकली की मी त्यांना शेरलॉक होम्सच्या कथा वाचून दाखवते, रोज अर्धा तास. इंग्रजी वाचायचं, अडलं तिथे मराठीत सांगायचं. बाबा पोस्टात होते, त्यामुळे गोष्टीत तार, पाकीट, शिक्का असलं काही आलं की ते मला थांबवून दोनदा वाचायला लावतात. परवा 'हिज लास्ट बो' झाली. शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "बरी आहे गं. पण यात शोध कुठंय? ह्याला तर सगळं आधीपासून ठाऊक होतं."

मला उत्तर देता आलं नाही. दोन दिवस डोक्यात तेच आहे.

विसरला असाल तर थोडक्यात सांगते. २ ऑगस्ट १९१४, रात्रीचे नऊ. ब्रिटन अजून युद्धात उतरलेलं नाही, ते उतरणार ४ तारखेला. हार्विचजवळच्या घरात फॉन बोर्क हा जर्मन हेर चार वर्षं ठाण मांडून बसलाय. इंग्रज बड्या लोकांत मिसळतो, खेळतो, शिकारीला जातो आणि तिजोरी गुपितांनी भरतो. वकिलातीतला बॅरन फॉन हेर्लिंग त्याला भेटून लंडनला परततो. मग अल्टामाँट नावाचा आयरिश-अमेरिकन खबऱ्या नौदलाच्या संकेतांचं पुस्तक घेऊन येतो. पुडकं सोडलं तर आत मधमाश्या पाळण्याचं पुस्तक! अल्टामाँट म्हणजे होम्स आणि त्याची मोटार हाकणारा म्हातारा म्हणजे त्याचा जुना मित्र डॉक्टर वॉटसन.

माझं मत असं की शोधकथा म्हणून ही लंगडी आहे. पावलांचे ठसे नाहीत, राख नाही, दारात आलेला घाबरलेला अशील नाही. जे नायकाला ठाऊक ते वाचकाला ठाऊक असावं, ही साधी अट मोडलेली आहे. आणि तरी शेवटचं पान वाचताना माझा आवाज भरून आला. मग ही कथा आहे तरी कसली?

रातकिडा

प्रचारकथा आहे, आणि मी हे नाक मुरडून म्हणत नाही. छापून आली सप्टेंबर १९१७ मध्ये, 'स्ट्रँड' मासिकात, 'शेरलॉक होम्सची युद्धसेवा' असं उपशीर्षक लावून. त्या जूनमध्ये जर्मन विमानांनी भरदिवसा लंडनवर बाँब टाकून १६२ माणसं मारली होती आणि ३१ जुलैपासून बेल्जियममध्ये पाशनडालची लढाई चालू होती. लोक थकलेले होते. सरकारने सप्टेंबर १९१४ मध्येच मोठमोठ्या लेखकांना बोलावून लेखणी मागितली होती, त्यांत होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयलही होते.

डॉयल १९१६ साली आघाडी बघायला गेले, तेव्हा एका फ्रेंच सेनापतीने जेवणाच्या टेबलावर त्यांना थेट विचारलं होतं की शेरलॉक होम्स इंग्रजी सैन्यात काय काम करतो? डॉयलना कसंबसं "तो फार म्हातारा झालाय" एवढंच सुचलं. ही कथा म्हणजे त्या प्रश्नाचं नीट उत्तर.

तिजोरीचं कुलूप पुन्हा बघा. शब्द 'ऑगस्ट', आकडे १९१४. आणि फॉन बोर्क सांगतो, हे मी चार वर्षांपूर्वी ठरवलं. म्हणजे १९१० मध्ये! युद्धाची ठिणगी ठरलेला साराजेव्होचा खून २८ जून १९१४ चा. १९१० मध्ये कुणाला महिना ठाऊक असणार? पण १९१७ च्या वाचकाच्या मनावर एक गोष्ट कोरली जाते: युद्ध जर्मनीने आधीच योजलेलं होतं. एका कुलपात अख्खा आरोप बसवलाय. कारागिरी म्हणून थोर, इतिहास म्हणून खोटं.

जास्वंद

कुलपाचा आकडा स्वतःच्या तोंडाने सांगणारा हेर! आमच्या ऑफिसात असे चार आहेत, पासवर्ड पडद्यालाच चिकटवलेला. :)

सातारकर

पागोळी, तुझ्या बाबांचा प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर आहे. शोध आपण करायचा आहे.

१९१७ च्या वाचकाने उपशीर्षक वाचलं, त्याला ठाऊक आहे होम्स येणार. पान उलटतं, होम्स नाही. दोन जर्मन बोलतायत. मग वाचक काय करतो? खोलीतला प्रत्येक माणूस न्याहाळायला लागतो. हा तर होम्स नव्हे? इतके दिवस आपण वॉटसनच्या खांद्यावरून होम्सकडे बघत होतो, आता गुन्हेगाराच्या खुर्चीत बसून होम्सची वाट बघतोय. कथा तृतीयपुरुषी आहे ती यासाठीच. वॉटसनने सांगितली असती तर पहिल्याच ओळीत फुटली असती.

आणि खुणा किती उघड्यावर ठेवल्यात ते बघ. अल्टामाँट कामाला लागल्यापासून फॉन बोर्कची पाच माणसं पकडली गेली, आणि अल्टामाँट स्वतःच त्याबद्दल त्याच्यावर डाफरतो! फॉन बोर्क कौतुकाने म्हणतो की या गड्याने इंग्लंडच्या राजाशी आणि राजाच्या इंग्रजीशी एकदमच युद्ध पुकारलंय. आपण हसतो आणि पुढे जातो. बॅरनची भली मोठी बेंझ गावातल्या वळणावर एका छोट्या फोर्डला चिरडता चिरडता राहते, ओळ संपते, आपण विसरतो. त्या फोर्डमध्येच दोघे आहेत.

सगळ्यात सुंदर ती मार्था. खिडकीत दिव्याजवळ विणत बसलेली लाल गालांची म्हातारी, शेजारी स्टुलावर काळं मांजर. बॅरन तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, हीच बघ ब्रिटानिया (म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन), स्वतःतच रमलेली, सुखाने पेंगणारी. आणि तीच होम्सची माणूस! बॅरन हसत हसत खरं बोलून जातो आणि त्याचं त्यालाच कळत नाही. थोड्या वेळाने दिवा मालवलेला दिसतो. फॉन बोर्कला वाटतं म्हातारी झोपली. ती बाहेर थांबलेल्यांना खूण होती.

हे सगळं पहिल्या वाचनात डोळ्यांसमोरून जातं. याला लंगडी शोधकथा कसं म्हणायचं?

पागोळी

सातारकरकाका, दिव्याची ओळ मी वाचली होती, बाबांनी ऐकली होती, आणि आम्ही दोघंही तशीच सोडून दिली. हे मान्य. तरी अट मोडल्याचं माझं म्हणणं कायम आहे. खुणा पेरणं वेगळं आणि तर्क करणं वेगळं. 'ब्रूस-पार्टिंग्टन' या होम्सकथेमध्येही पाणबुडीच्या नकाशांची हेरगिरीच आहे, पण तिथे प्रेत रेल्वेच्या टपावरून पडलं हे होम्स रुळांच्या वळणावरून काढतो. तो आनंद इथे नाही.

टेम्सकाठ

मी कोल्चेस्टरला राहते, हार्विच इथून तासाभराच्या आत. एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कथेत फॉन बोर्कचं घर खडूच्या उंच पांढऱ्या कड्यावर आहे आणि समोर हार्विचचे दिवे दिसतात. इथे खडूचा कडा नाही! वॉल्टनच्या किनाऱ्याला कडे आहेत ते चिकणमातीचे, वर लालसर वाळूचा थर, पावसाळ्यात ढासळतात. माझ्या मुलाने तिथून शिंपल्यांचे जीवाश्म आणले तेव्हा बुटाला मातीचा एवढा गोळा चिकटला होता की गाडीत बसायच्या आधी काठीने खरवडायला लागला. खडू दक्षिणेला, डोव्हरला, ससेक्सला. डॉयल राहत होते ससेक्समध्ये. मला वाटतं त्यांनी आपला कडा उचलून इथे आणून ठेवला.

पासबुक

बँकेत उभी हयात गेली, म्हणून शेवटच्या धनादेशावर बोलतो. कथेचं शेवटचं वाक्य आठवा. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याचं ते एवढं मोठं भाषण होतं आणि होम्स म्हणतो, चल वॉटसन, गाडी सुरू कर, पाचशे पौंडांचा चेक लवकर वटवायला हवा, देणारा थांबवायला कमी करणार नाही.

२ ऑगस्ट १९१४ हा रविवार. सोमवार ३ तारीख, इंग्लंडात बँकांची सुट्टी. आणि घबराट माजल्यामुळे सरकारने ती सुट्टी आणखी तीन दिवस वाढवली, बँका उघडल्या थेट शुक्रवारी ७ तारखेला. तोपर्यंत युद्ध सुरू होऊन तीन दिवस होतात. शत्रूच्या हेराचा चेक तेव्हा वटणार? होम्सचे पाचशे पौंड बुडाले असं माझं ठाम मत आहे.

पागोळी, तुझ्या बाबांना एक सांग. रोख रकमेची तेव्हा इतकी टंचाई झाली की पोस्टल ऑर्डरी काही काळ कायदेशीर चलन म्हणून चालवल्या. पोस्टाने देश तारला.

पागोळी

पासबुककाका, आत्ताच सांगितलं. बाबा पलंगावर उठून बसले! म्हणाले, "बघ, बँका बंद पडतात, पोस्ट बंद पडत नाही." परत एकदा वाचायला लावलं.

निळावंती

बाबांसाठी आणखी एक. खरी हेरगिरी कथेसारखी दिमाखदार नव्हती. ब्रिटिश गुप्तचर खातं १९०९ चं, आणि व्हर्नन केलच्या छोट्याशा कार्यालयाचं मोठं हत्यार म्हणजे टपाल. गृहमंत्र्यांच्या हुकमाने संशयितांची पत्रं वाफेवर उघडायची, वाचायची, पुन्हा चिकटवून पुढे पाठवायची. लंडनच्या इस्लिंग्टन भागात कार्ल गुस्ताव अर्न्स्ट नावाचा न्हावी होता. जर्मनीहून आलेली पाकिटं तो ब्रिटिश तिकिटं लावून इतर हेरांना पाठवायचा. त्या दुकानावर नजर ठेवून सगळं जाळं कळत गेलं. युद्ध सुरू होताच धरपकड, अर्न्स्टला सात वर्षं सक्तमजुरी.

म्हणजे होम्सने दोन वर्षं जे केलं तेच: धरायचं नाही, जाळं चालू द्यायचं, फक्त आपल्या नजरेखाली. तो भाग डॉयलनी अचूक धरलाय.

मधुकोश

निळावंतीने हे लिहिलं म्हणून धीर करून लिहितो. महाबळेश्वरजवळ माझ्या सातेरी मधमाश्यांच्या पेट्या आहेत.

पुडक्यातल्या पुस्तकाचं नाव बघा: मधमाश्या पाळण्याची व्यावहारिक माहिती, आणि पुढे 'राणीला वेगळं ठेवण्याविषयी काही निरीक्षणे'. सगळे हा विनोद म्हणून सोडून देतात. पेटी हाताळणाऱ्याला तो विनोद वाटत नाही. राणीला मारलं तर वसाहत बिथरते, कामकरी माश्या सैरभैर होतात, नवी राणी करायच्या मागे लागतात, मध राहतो बाजूला. म्हणून राणी जिवंत ठेवायची, पण जाळीच्या एका बाजूला. कामकरी जाळीतून ये-जा करतात, राणी जाऊ शकत नाही. वरच्या मजल्यावर निव्वळ मध साठतो आणि तो तुम्ही उचलता. माश्यांना वाटतं सगळं सुरळीत आहे.

फॉन बोर्क ही ती राणी. त्याला पकडलं असतं तर बर्लिनने दुसरा पाठवला असता, तो कोण हे कळायला आणखी चार वर्षं. त्याला जागेवरच ठेवला, भोवतीचे वाटेल तेव्हा उचलले आणि तिजोरीत खोटा मध भरला. शेवटी क्लोरोफॉर्मचा बोळा नाकाला लावला तोही मला ओळखीचा वाटला. पेटी उघडण्याआधी आम्ही धूर देतो तो असाच, हलक्या हाताने.

शोध कुठंय विचारताय ना? तो पुस्तकाच्या नावात आहे. होम्स शत्रूच्या हातात स्वतःची रीत छापील देतो.

सातारकर

मधुकोश, तीस वर्षं ही कथा वाचतोय, हे कधी सुचलं नाही. हात जोडतो.

जास्वंद

+१. हा प्रतिसाद छापून ठेवणार.

अवांतर: बेंझ आणि फोर्डच्या प्रसंगाबद्दल होम्स म्हणतो की वॉटसन, तू गाडी नीट हाकली नसतीस तर प्रशियन 'जगरनॉट' खाली सापडलेल्या युरोपासारखी आपली गत झाली असती. हा शब्द म्हणजे आपला पुरीचा जगन्नाथ! रथाखाली माणसं चिरडतात अशा ऐकीव गोष्टींवरून इंग्रजीत गेलेला. देवाचं नाव असं वापरलेलं बघून मला वाईट वाटतं.

देवराई

इतकं छान चाललंय, त्यात मला एक जड गोष्ट मांडायची आहे.

होम्स अल्टामाँट कसा झाला? तो स्वतः सांगतो: शिकागोपासून सुरुवात, मग बफेलोला आयरिश गुप्त संघटनेत शिरकाव, मग आयर्लंडमध्ये स्किबरीनच्या पोलिसांना त्रास, तेव्हा कुठे जर्मनांचा विश्वास बसला. दोन ओळींत संपतं. पण त्या संघटनेतल्या आयरिश पोरांचं काय झालं? ती आपल्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी एकत्र आली होती. त्यांनी या माणसाला भाऊ मानलं असेल, जेवू घातलं असेल.

मी तळेगाव ढमढेरेच्या बाजूची. आमच्याकडे विष्णु गणेश पिंगळे हे नाव घराघरात ठाऊक आहे. अमेरिकेत शिकायला गेले, तिथल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गदर पक्षात सामील झाले, १९१४ च्या अखेरीस परतले. त्या उठावालाही जर्मनीची मदत होती. फेब्रुवारी १९१५ चा उठाव फसला, कारण कृपाल सिंग नावाचा पोलिसांचा माणूस 'आपला' म्हणून आत शिरला होता. पिंगळे मार्चमध्ये मेरठच्या छावणीत बाँबसह सापडले. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी. सत्तावीस वर्षांचं वय.

तेव्हा होम्सने वेश उतरवून मोठ्याने हसलेलं मी वाचते तेव्हा मला कृपाल सिंग दिसतो. होम्स माझा लाडका आहे, शाळेपासून. पण या कथेत मी त्याच्या बाजूला उभी राहू शकत नाही.

रातकिडा

देवराई, यावर सावकाश लिहायला हवं होतं, पण आत्ताच लिहितो.

डॉयलना हे आतून टोचत असणार असं मला वाटतं. घराणं आयरिश. आणि अल्टामाँट हे नाव कुठून आलं? त्यांच्या वडिलांचं नाव चार्ल्स अल्टामाँट डॉयल. इंग्लंडचा द्वेष करणाऱ्या आयरिश माणसाचं सोंग होम्सला द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या बापाचं नाव दिलं.

दुसरं, आयरिश स्वातंत्र्यवादी रॉजर केसमेंट. काँगोतल्या अत्याचारांच्या प्रश्नावर दोघं एकत्र लढलेले मित्र. केसमेंट आयर्लंडसाठी जर्मनीची मदत घेऊन एप्रिल १९१६ मध्ये जर्मन पाणबुडीतून किनाऱ्यावर उतरले, पकडले गेले आणि ३ ऑगस्ट १९१६ ला फासावर गेले. फाशी टळावी म्हणून डॉयलनी अर्ज लिहिला, सह्या गोळा केल्या. आणि वर्षभरात ही कथा. खरा आयरिश माणूस जर्मनांकडे गेला आणि मेला, कथेतला जातो तो नाटकी आणि आतून इंग्रज. मित्राच्या मरणाला लेखकाने दिलेलं हे दुसरं शेवट आहे असं मला वाटतं. त्याने तुमचं दुःख कमी होत नाही, हे कळतं.

देवराई

केसमेंटचा अर्ज ठाऊक नव्हता. थँक्यू, रातकिडा. बाजू बदलणार नाही, पण आता डॉयलचा राग येत नाही.

टेम्सकाठ

एक भोक राहिलंच. होम्स फॉन बोर्कला सगळं सांगून टाकतो: सुरुंगांचे नकाशे खोटे, तोफा तुम्हाला वाटतात त्यापेक्षा मोठ्या, क्रूझर जरा जास्त वेगाच्या. आणि वर म्हणतो, मुकाट्याने चल, कदाचित राजदूताबरोबर परत जायची जागा अजून मिळेल! तो खरंच बर्लिनला पोचला तर दोन वर्षांचं काम पाण्यात की.

सातारकर

हे मात्र खरं. याला बचाव नाही. होम्सला टाळ्या हव्या असतात, ती त्याची जुनी खोड.

निळावंती

मार्था म्हणजे होम्सची जुनी घरमालकीण मिसेस हडसनच ना?

रातकिडा

कथेत तसं म्हटलेलं नाही. लोकांना वाटतं, कारण वाटावंसं वाटतं.

पासबुक

मला वाटतंच. आणि वॉटसनबद्दल कुणी बोललं नाही! पहिल्या कादंबरीत तो सैन्याचा डॉक्टर म्हणून आपल्या मुंबईत उतरतो, अफगाणिस्तानात मैवंदला गोळी खातो, मोडून लंडनला येतो. हे १८८०. आणि १९१४ मध्ये केस पांढरे झालेला हा माणूस पुन्हा सैन्यात रुजू व्हायला निघालाय. होम्सची तार आली, गाडी घेऊन हार्विचला ये, आणि तो आला. का, कशाला, एक प्रश्न नाही. म्हणतो, वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटतंय.

पागोळी

सगळे प्रतिसाद काल आणि आज बाबांना वाचून दाखवले. देवराईंचा वाचल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन्हीकडे कुणाची तरी पोरंच." मधुकोशांचा मात्र तीनदा वाचायला लावला.

माझ्या पहिल्या म्हणण्यातलं अर्धं मी मागे घेते. तर्काचा आनंद इथे नाही हे अजूनही म्हणते. शोध मात्र आहे, आणि तो आमच्या नजरेतून सुटला.

शेवटच्या पानाबद्दल. होम्स म्हणतो पूर्वेचा वारा येतोय. वॉटसन म्हणतो, नाही रे, चांगलं उबदार आहे. होम्स म्हणतो, सगळं बदलतंय, त्यात तू एक तेवढा जागेवर आहेस. मी समजत होते वॉटसनला नेहमीप्रमाणे कळलं नाही. बाबा म्हणाले, "डॉक्टर आहे तो, लढाई बघून आलेला. त्याला कळत नाही होय? मित्राला थंडी वाजतेय म्हणून म्हणतो, उबदार आहे." पन्नासएक कथा वाचल्या मी, मला हे दिसलं नव्हतं.

आज जेवणं लवकर उरकलीत. बाबांनी तीच कथा पुन्हा पहिल्या पानापासून लावलीय, आणि बजावलंय की म्हातारीच्या दिव्याची ओळ आली की थांबायचं.